झाकणाच्या आतली खूण

१२ फेब्रुवारी

चि. चिमटी हिस,

आशीर्वाद आधी, काम नंतर.

तुझ्या वहिनींचा, म्हणजे आमच्या सूनबाईंचा, जुना संगणक आता थकला आहे. त्या मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रे काढतात हे तुला ठाऊक आहेच. एक चित्र उघडावयास त्या यंत्रास इतका वेळ लागतो की तेवढ्यात त्यांची भाजी निवडून होते. प्रकाशकांनी त्यांना एक नवे पुस्तक दिले आहे. ते वेळेवर पार पडले तर पुढील संपूर्ण मालेचे काम त्यांच्याकडे येईल. चिरंजीव जहाजावर आहेत. सबब घरातील वडीलधारा या नात्याने यंत्राची निवड मी करीत आहे.

काल दुकानात जाऊन आलो. विक्रेत्याने एका बाजूस काच बसविलेली पेटी दाखविली. आत निळे, तांबडे दिवे. मी विचारले, "हे दिवे काय काम करतात?" तो म्हणाला, "छान दिसतात, आजोबा." ज्या यंत्रास नटवून उभे करावे लागते त्याच्या पोटाविषयी मला शंका येते. मी नमस्कार करून बाहेर पडलो.

तू लहान असताना माझ्या शिवणयंत्र-दुरुस्तीच्या दुकानात बसून सांडलेले स्क्रू बोटांच्या चिमटीत उचलून देत असस. त्यावरूनच तुला हे नाव पडले. आज तू परगावी संगणक जुळविण्याचे काम करतेस. तेव्हा कोणते भाग घ्यावेत व का घ्यावेत, हे मला उमजेल अशा शब्दांत लिहून कळवावे. फोन करू नये. फोनवरचे बोलणे हवेत विरते. लिहिलेले पुन्हा वाचता येते.

तुझे
थोरले काका


२० फेब्रुवारी

काका, नमस्कार.

तुमचं पत्र आमच्या दुकानात सगळ्यांनी हाताळून पाहिलं. मालक म्हणाले, "कोर्टाची नोटीस आली का गं तुला?" मी म्हटलं, "नाही, काकांचं पत्र आहे." तर म्हणाले, "मग बसून वाच, उभ्यानं झेपायचं नाही."

आता भाग. प्रोसेसर म्हणजे तुमच्या शिलाई मशीनची मोटर. वहिनीला सगळ्यात महागाचा नको, पण दमाचा हवा. रॅम म्हणजे कापड पसरायचं टेबल. टेबल लहान असेल तर मोटर कितीही पळो, कापड खालीच लोळणार. तिची चित्रं मोठी असतात, म्हणून इथे हात आखडायचा नाही. साठवणीला एसएसडी, म्हणजे भाजी निवडायला वेळ उरणार नाही. पॉवर सप्लायमध्ये लोक काटकसर करतात आणि मग रडत येतात. तो चांगल्यातलाच घालते. पेटी साधी, लोखंडी, पुढून जाळीची. हवा पुढून आत, मागून बाहेर. दिवा फक्त एक, चालू आहे हे कळायला. तेवढा तुम्ही चालवून घ्या.

जुळणी मीच करते. आणि झाकणाच्या आतल्या बाजूला माझी खूण करते. तुम्ही शिकवलंत ना, ज्यानं यंत्र उघडलं त्यानं आत खूण करायची, आणि शेवटची खूण ज्याची, जाब त्याचा. तुमची सुई होती, माझा चिमटा आहे. इथे आधी सगळे हसायचे. आता मालकच गिऱ्हाइकाला सांगतात, "आत चिमटा आहे, काळजी करू नका." उन्हाळ्यानंतर जुळणीचं टेबल माझ्या एकटीच्या हातात देणार आहेत. अजून कुणाला बोलू नका.

तुमची
चिमटी


१८ मार्च

चि. चिमटी हिस,

आशीर्वाद. यंत्र सुखरूप पोहोचले. पेटी मजबूत आहे, रंग काळा आहे, दिवा एकच आहे. सूनबाईंनी पहिले चित्र उघडले आणि माझ्याकडे पाहून हसल्या. या घरात त्या माझ्याकडे पाहून फार वेळा हसत नाहीत. त्याचे श्रेय तुझे आहे हे मी मान्य करतो, परंतु निवड मी केली हेही त्यांना ठाऊक आहे.

मी त्यांस म्हणालो की यंत्राची देखभाल माझ्याकडे राहील. जन्मभर यंत्रे उघडली, पुसली, तेल घातले, बंद केली. दुकान बंद झाल्यापासून हातांस उद्योग नाही. त्यावर त्या म्हणाल्या, "नको बाबा, चिमटी सांगेल तेवढंच करूया." बोलण्यात अनादर नव्हता. तरी मला ते लागले. मी इयत्ता चौथीच्या पुढे गेलो नाही हे खरे, पण यंत्राने मला कधी इयत्ता विचारलेली नाही.

तरी देखभाल कशी करावी ते तू स्वतः लिहावे, म्हणजे त्यांचेही समाधान होईल.

तुझे
थोरले काका


२७ मार्च

काका, नमस्कार.

देखभाल सोपी आहे. पेटी भिंतीला चिकटवू नका, जमिनीवर ठेवू नका, धूळ चढते. पुढची जाळी कोरड्या ब्रशनं अधूनमधून झाडा. आत काही करायचं नाही. वर्षाकाठी मी येईनच, तेव्हा आपण दोघं मिळून उघडू. आणि काका, तेल नको. कुठेच नको. तुम्ही कुपी घेऊन उभे आहात असं मला इथून दिसतंय.

वहिनीचा फोन आला होता. म्हणाली, बाबा रोज येणाऱ्या-जाणाऱ्याला पेटी दाखवतात.

तुमची
चिमटी


९ मे

चि. चिमटी हिस,

आशीर्वाद आधी, तक्रार नंतर.

यंत्र बंद पडू लागले आहे. सुरू होते, सूनबाई चित्र उघडतात, पंखा मोठमोठ्याने ओरडतो आणि एकाएकी सर्व काळोख. थोड्या वेळाने पुन्हा सुरू होते, पुन्हा तेच.

माझ्या मते दोन कारणे आहेत. एक, ऊन भयंकर आहे. दुसरे, वापरण्याची पद्धत. सूनबाई एका वेळी अनेक चित्रे उघडी ठेवतात, मध्येच उठून जातात, यंत्र तसेच धडधडत राहते. गेल्या महिन्यात त्या माहेरी गेल्या होत्या तेव्हा यंत्र शांत होते. त्या परतल्या आणि दुखणे सुरू झाले. यावरून काय ते समजावे.

तेल घातलेले नाही. हे मुद्दाम लिहितो.

जाता जाता एक गोष्ट, केवळ साधारण नियम म्हणून. दोन धातू जेथे एकमेकांस भिडतात तेथे जुळणाऱ्याने चिकटा ठेवू नये. माझ्या दुकानात असे आढळले तर मी त्या मुलास सर्व यंत्र पुन्हा पुसावयास लावीत असे. हे तुला उद्देशून नाही. तू पुढे स्वतंत्र टेबल सांभाळणार आहेस, म्हणून वडिलकीच्या नात्याने लिहिले.

तुझे
थोरले काका


१६ मे

काका, नमस्कार.

उन्हानं असं होत नाही. इथे यापेक्षा जास्त तापतं. आणि वहिनीनं शंभर चित्रं उघडली तरी मशीननं हळू व्हावं, बंद पडू नये. तिला बोलू नका. ते मशीन धडधडावं म्हणूनच घेतलंय.

मला एवढं सांगा. पंखे सगळे फिरतात का? पेटी हलवताना आपटली का? आणि कुणी उघडली होती का? कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्यानं, शेजारच्या कुणी? रागवायचं नाही, फक्त खरं कळलं की मला इथून सांगता येतं.

साधारण नियम लक्षात ठेवीन. माझं टेबल स्वच्छ असतं हो काका.

तुमची
चिमटी


२३ मे

चि. चिमटी हिस,

आशीर्वाद. पंखे फिरतात. पेटी आपटलेली नाही. बाहेरच्या कोणत्याही माणसाने ती उघडलेली नाही. याविषयी माझा शब्द पुरेसा असावा.

येथे घरात बरे नाही. परवा सूनबाईंचे बंधू आले होते. त्यांच्यासमक्षच यंत्र बंद पडले आणि सूनबाईंचे सकाळपासूनचे चित्र गेले. त्या डोक्याला हात लावून बसल्या. मी म्हणालो, "यंत्र हे यंत्रासारखे वापरावे लागते. ज्याला जपता येत नाही त्याने हात लावू नये." बंधू खाली मान घालून चहा पीत राहिले. सूनबाईंनी यंत्र पुन्हा सुरू केले. मला वाटते माझे बोलणे थोडे अधिक झाले.

प्रकाशकांनी मुदत वाढवून देण्यास नकार दिला आहे असे कळते.

तुझे
थोरले काका


११ जून

काका,

वहिनीनं तुम्हाला सांगितलंच असेल, तिनं पेटी शेवटी कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे नेली. त्यानं तिच्यासमोर उघडली. तिनं मला लगेच फोन केला.

चूक माझी आहे.

प्रोसेसर खूप तापतो. त्याच्या डोक्यावर धातूचा ठोकळा असतो, वर पंखा. तो ठोकळा उष्णता ओढून घेतो. पण दोन धातू कितीही गुळगुळीत असले तरी मध्ये केसाएवढी फट राहते, तिथे हवा अडकते आणि उष्णता पुढे जात नाही. म्हणून मध्ये राखाडी पेस्ट लावतात. दिसायला मळासारखी असते, पण तिच्याशिवाय मशीन स्वतःच्याच तापानं बंद पडतं. दुरुस्तीवाला म्हणाला, "इथे आरशासारखं स्वच्छ आहे. जुळवणारा पेस्ट लावायलाच विसरला." त्यानं लावून दिली. आता मशीन नीट चालतंय. पण वहिनीचं पुस्तक उशिरा गेलं आणि पुढची माला दुसऱ्या कुणाला दिली.

मी त्याला विचारलं, आत खुणा किती? तो म्हणाला, एकच, चिमट्यासारखी. दुसरी कुणाची नाही. म्हणजे जाब माझाच. तुमचाच नियम.

मला पेस्ट लावल्याचं आठवतं, काका. दाण्याएवढी, मधोमध. पण आठवणीचं काय, ती आपल्याला हवी तशीच होते. मी मालकांना स्वतःहून सांगितलं. त्या दिवसांत जुळवलेली सगळी मशीनं गिऱ्हाइकांकडून परत मागवली आणि एकेक उघडून पाहिली. सगळ्यांत पेस्ट होती. मग घरच्याच मशीनला मी कशी विसरले? मालक ओरडले नाहीत. म्हणाले, "टेबल सध्या राहू दे." ते दुसऱ्याला दिलंय. मी आता स्क्रू मोजून देते. चिमटी ती चिमटीच.

वहिनीला तुम्ही बोललात ते तिनं मला सांगितलं नाही, तुमच्या पत्रातून कळलं. तिची काही चूक नव्हती. माझ्यामुळे तिला ऐकून घ्यावं लागलं. तिची माफी मागितली, तुमचीही मागते.

चिमटी


१९ जून

चिमटी हिस,

आशीर्वाद लिहिण्याचा अधिकार आज मी स्वतःकडे धरीत नाही.

तू पेस्ट लावली होतीस. दाण्याएवढी, मधोमध. मी ती पाहिली आहे. ती मी पुसली.

सूनबाई माहेरी गेल्या होत्या. घर रिकामे होते. मी पेटी खाटेवर आडवी केली, झाकण काढले. आत तुझी खूण दिसली तेव्हा मला इतका आनंद झाला की तेथेच थांबावयास हवे होते. परंतु तुझे काम किती नेटके आहे हे पाहण्याच्या निमित्ताने मी पुढे गेलो. पंखा काढला, तो धातूचा ठोकळा उचलला. खाली राखाडी चिकटा दिसला. मला वाटले, पोरगी घाईत मळ तसाच ठेवून गेली. स्पिरिटने, सुती फडक्याने, माझे स्वतःचे तोंड दिसेपर्यंत मी तो घासला. तुझी चूक मी गुपचूप झाकली, असे समजून दिवसभर मी मनात मोठा होऊन वावरलो. तो चिकटा माझ्या नखांत बराच काळ राहिला होता.

म्हणून ९ मेच्या पत्रात मी तो साधारण नियम लिहिला. तो साधारण नव्हता. चोराने घरमालकास कुलूप कसे लावावे हे शिकविण्यापैकी तो प्रकार होता. आणि २३ मेच्या पत्रात "बाहेरच्या कोणत्याही माणसाने" असे शब्द मी बराच वेळ विचार करून निवडले होते. मी बाहेरचा नाही. वाक्यात खोट नव्हती, माणसात होती.

यंत्र बंद पडू लागले तेव्हाच मला संशय आला होता. पेस्टचे ज्ञान नव्हते, परंतु मी उघडले आणि मग ते बिघडले, एवढा हिशेब मला येतो. मी त्याकडे पाठ फिरविली. सूनबाई बोलणी खात होत्या तोवर मला ती पाठ फिरविता आली. तुझ्या हातातून टेबल गेले हे वाचल्यावर आली नाही. असे का, हे मी स्वतःस विचारले. सूनबाईंचे नुकसान माझ्या डोळ्यांसमोर झाले, तुझे केवळ कागदावर वाचले. तरी कागदावरचेच आधी लागले. कारण तू माझ्या हाताची आहेस, आणि त्यांना मी अद्याप परक्या घरची समजत होतो.

आज सकाळी त्यांस सांगितले. त्या दोरीवर कपडे वाळत घालीत होत्या. मी म्हणालो, "यंत्र मी उघडले होते. पेस्ट मी पुसली. चिमटीचा दोष नाही. आपलाही नव्हता." त्या वळल्या नाहीत. हातातली चादर झटकली, दोरीवर टाकली, टोके सारखी केली. मग म्हणाल्या, "बाबा, माझ्या भावासमोर बोलला होतात तुम्ही."

एवढेच. मालेचे नाव काढले नाही.

मी आत जाऊन त्यांच्या बंधूंस फोन केला. पत्रास वेळ लागला असता. ते फार संकोचले. "जाऊ द्या हो, चालायचंच," असे पुन्हा पुन्हा म्हणू लागले. मी म्हणालो, "चालायचे नाही. आपण ऐकून घ्या." आणि सर्व सांगितले.

सोबत तुझ्या मालकांच्या नावे वेगळे पत्र आहे. त्यात तुझी बाजू मांडलेली नाही, तिची गरज नाही. मी काय केले एवढेच आहे. ते त्यांच्या हाती दे. तू स्वतः वाचल्याशिवाय देऊ नयेस म्हणून पाकीट उघडे ठेवले आहे.

थोरले काका


२ जुलै

काका,

मालकांनी पत्र आधी मनात वाचलं, मग सगळ्यांना जमवून मोठ्यानं वाचलं. "मी, खाली सही करणारा, शुद्धीवर असताना" इथे एकाला हसू आलं, त्याला त्यांनी बाहेर पाठवलं. टेबल आता दुसऱ्याकडे आहे, त्याची काही चूक नसताना कसं काढून घेणार? खिडकीजवळ दुसरं लावू म्हणालेत, तोवर अधूनमधून एखादं मशीन जुळवायला देतात. बघू.

मला राग आलाय. तुम्ही पेस्ट पुसलीत याचा नाही. मीही तुमच्या दुकानात काय काय पुसलं असेल. पण मी विसरले हे मला खरं वाटलं. मशीन बंद केलं की मी पुन्हा उघडून बघते, पेस्ट आहे का. बंद करते, पुन्हा उघडते. काल मालकांनी हातातून स्क्रूड्रायव्हर काढून घेतला. म्हणाले, "आहे गं बाई, आहे." हातावरचा भरवसा गेला की काय होतं हे तुम्हाला मी सांगायला हवं का? तुमच्या दुकानात स्वतःची चूक दुसऱ्याच्या हातावर कुणी अशी ढकलली असती, तर तुम्ही त्याला दारात उभं केलं नसतं.

मी फोन करून हे सगळं बोलणार होते. मग वाटलं, लिहावं. लिहिलेलं तुम्ही पुन्हा वाचाल.

आणि एक. आत अजून माझी एकटीचीच खूण आहे. दुरुस्तीवाल्यानं केली नाही, तुम्ही केली नाही. ती करा. वहिनीला विचारून.

चिमटी


१४ जुलै

चिमटी हिस,

तुझे पत्र पुन्हा वाचले. नंतर आणखी पुन्हा वाचले. तू सांगितलेस ते काम तेवढे केले. ते कळवितो.

सूनबाईंना विचारले, "यंत्र एकदा उघडू का? केवळ झाकण. आपल्यासमोर." त्यांनी चालू असलेले चित्र जतन केले, यंत्र बंद केले, तार काढली आणि खुर्ची बाजूस घेतली. पण उठून गेल्या नाहीत. मी स्क्रू काढले. एक स्क्रू खाली पडला. त्यांनी वाकून तो बोटांच्या चिमटीत उचलला आणि माझ्या हातावर ठेवला. मला तुझी आठवण झाली.

झाकण उलटे केले. तुझा चिमटा तेथे होता, दोन रेघा वर जुळलेल्या. त्याखाली मी माझी सुई काढली. उभी रेघ, वर डोळा. डोळा नीट गोल आला नाही. त्यापुढे मी कोणत्या महिन्यात उघडले तेही लिहिले, आजचा दिवस लिहिला नाही, कारण दोष त्या दिवसाचा आहे. सूनबाईंनी विचारले, "हे काय, बाबा?" मी सांगितले, "शेवटची खूण ज्याची, जाब त्याचा." त्यांनी दोन्ही खुणा पाहिल्या. "मग माझी नको," म्हणाल्या, "मी तर नुसती वापरते." थट्टा होती की नव्हती हे मला कळले नाही. विचारण्याचा धीर झाला नाही.

तुझ्या खिडकीजवळच्या टेबलाविषयी काही घडले तर कळव. नाही कळविलेस तरी तुझा दोष धरणार नाही.

यंत्र उत्तम चालते आहे. पंख्याचा आवाज बाहेरच्या खोलीत ऐकूही येत नाही. मात्र सुरू करण्यापूर्वी आणि पुढे कामाच्या मध्येमध्ये सूनबाई पेटीच्या अंगावर तळहात ठेवून पाहतात, लहान मुलाचा ताप पाहावा तसा. पूर्वी त्या असे करीत नसत.

माझी खूण झाकणाच्या आत आहे. ती कोणास दिसत नाही. त्यांचा तो हात मला रोज दिसतो.

तुझा
काका